गावाच्या चावडीतून पवळे सभागृहात

११ सप्टेंबर १९९७ रोजी चऱ्होली बुद्रुक पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आले. ग्रामपंचायत संपली, ग्रामसभा संपली, आणि गावचे पाणी, रस्ते, दिवे यांचा निर्णय वाघेश्वराच्या टेकडीच्या पायथ्यावरून उठून पिंपरीला, मुंबई-पुणे महामार्गावरच्या इमारतीत गेला. इंद्रायणीपलीकडचे चऱ्होली खुर्द मात्र खेड तालुक्यातच राहिले. आज नदीच्या अलीकडे नगरसेवक आहे आणि पलीकडे सरपंच. सोयरीक एक, बोली एक, पण कर भरायची खिडकी वेगळी आणि दाद मागायचे दारही वेगळे.

संस्थेचा इतिहास म्हटला की पदाधिकाऱ्यांची नावे आणि उद्घाटनांच्या तारखा देऊन मोकळे होण्याची पद्धत आहे. चऱ्होलीकराच्या दृष्टीने मात्र महापालिकेचा इतिहास वेगळ्या कागदांत आहे. कोणता नियम कधी लागू झाला, कोणत्या आरक्षणाचा शिक्का कोणत्या गटावर पडला आणि अंदाजपत्रकाच्या कोणत्या लेखाशीर्षाला किती रक्कम ठेवली गेली, यांवर इथल्या घरांचे भवितव्य ठरले आहे. म्हणून हा इतिहास सभागृहाचा आणि त्याच्या ठरावांचा आहे.

आधी थोडी पूर्वपीठिका. ४ मार्च १९७० रोजी पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या चार ग्रामपंचायती एकत्र करून नगरपालिका स्थापन झाली. अण्णासाहेब मगर यांचा त्यात पुढाकार होता. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ मध्येच पिंपरीत आली होती, साठच्या दशकात एमआयडीसी आणि मोठे वाहन कारखाने आले, आणि कामगारांच्या वस्त्या ग्रामपंचायतींच्या आवाक्याबाहेर वाढल्या. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी नगरपालिकेची महानगरपालिका झाली. पण पहिली निवडणूक व्हायला १९८६ साल उजाडले. ज्ञानेश्वर लांडगे पहिले महापौर झाले. म्हणजे महापालिकेची सुरुवातीची वर्षे प्रशासकाच्या हाताखाली गेली. पुढे तसाच काळ पुन्हा येणार होता.

१९९७ मध्ये हद्द वाढली तेव्हा शहराचे क्षेत्र सुमारे ८६ चौरस किलोमीटरवरून १७० चौरस किलोमीटरवर गेले. मोशी, चिखली, तळवडे, डुडुळगाव, दिघी, रावेत, पुनावळे, किवळे, मामुर्डी या गावांबरोबर चऱ्होलीही आत आली. शहर जवळजवळ दुप्पट झाले, पण वाढलेला बहुतेक भाग शेतीचा होता. चऱ्होली म्हणजे एकटे गावठाण नव्हे. वडमुखवाडी, चोविसावाडी, काळजेवाडी, पठारे मळा, ताजणे मळा, दाभाडे वस्ती असा तिचा विस्तार मैलोन् मैल पसरलेला आहे. अशा गावाला पाणी द्यायचे, ड्रेनेज टाकायचे, तर दाट वस्तीच्या पिंपरीपेक्षा दर घरामागे नळ आणि रस्ता कितीतरी लांब न्यावा लागतो. हा साधा हिशोब अंदाजपत्रक करणाऱ्यांना फार उशिरा पटला.

महापालिका चालते ती १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमावर. त्या कायद्याने आयुक्त, स्थायी समिती आणि सर्वसाधारण म्हणजेच मुख्य सभा अशी रचना केली आहे. स्थायी समितीत १६ सदस्य असतात आणि त्यांतले निम्मे दरवर्षी निवृत्त होतात. पहिल्या वर्षी कोण जाणार, ते चिठ्ठ्या टाकून ठरते. आयुक्त अंदाजपत्रक तयार करून स्थायीपुढे ठेवतात, स्थायी त्यात उपसूचना देते, आणि मग ते मुख्य सभेपुढे जाते. ही सभा भरते ते दालन म्हणजे मधुकरराव पवळे सभागृह. विषयपत्रिका आधी घरी पोहोचते, सभेत सूचक आणि अनुमोदक यांची नावे घेऊन ठराव मांडला जातो, कोणी विरोध केला तर मतदान होते, नाहीतर ‘एकमताने मंजूर’ असा शेरा पडतो. पण शेवटची चावी मंत्रालयात आहे. सभेचा ठराव कायद्याला किंवा लोकहिताला धरून नाही असे शासनाला वाटले, तर कलम ४५१ खाली तो निलंबित करता येतो, विखंडितही करता येतो.

सभागृहाचे खरे काम बघायचे असेल तर अंदाजपत्रकाचे पुस्तक उघडावे. जाडजूड पुस्तक असते, आकड्यांचे रकाने दाट असतात, आणि बहुतेक लोक ते बाजूला ठेवतात. त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवून पाहू. डावीकडे कामाचे नाव असते, ‘मौजे चऱ्होली येथील विकास आराखड्यातील रस्ता विकसित करणे’ अशा धाटणीचे. पुढे कामाची एकूण अंदाजित रक्कम, मागच्या मार्चअखेर झालेला खर्च, आणि शेवटी चालू वर्षाची तरतूद. गावातला माणूस कामाचे नाव वाचून खूश होतो. जाणकार माणूस शेवटचा रकाना बघतो. तिथे कोटी असतील तर काम होणार. तिथे टोकन तरतूद म्हणून नाममात्र रक्कम असेल, तर काम केवळ पुस्तकात जिवंत ठेवले आहे, यंदा खडीचा एक ट्रकही पडणार नाही. आणि कोटींची तरतूद असली तरी वर्षाच्या मध्याला वर्गीकरणाचा विषय येऊ शकतो. त्यात एका कामाचे पैसे दुसऱ्या कामाकडे वळतात. ऐनवेळी आलेल्या विषयांत असे वर्गीकरण मंजूर झाले की ज्या वस्तीचे पैसे गेले, तिला ते कळायलाही महिने लागतात. म्हणून आपल्या भागाचा एक तरी आवाज त्या सभागृहात जागा असावा लागतो. हे पुस्तक समजून घेणारा नगरसेवक गावाला भाषण करणाऱ्या नगरसेवकापेक्षा जास्त उपयोगी पडतो, असे माझे ठाम मत आहे.

पैशांची ददात या महापालिकेला कधी नव्हती. कारखान्यांत येणाऱ्या कच्च्या मालावर जकात होती आणि त्या जकातीच्या जोरावर आशियातील श्रीमंत महापालिका म्हणून पिंपरी-चिंचवडचे नाव घेतले जाई. १ एप्रिल २०१३ पासून जकात जाऊन स्थानिक संस्था कर आला, ऑगस्ट २०१५ मध्ये तोही बहुतेक व्यापाऱ्यांसाठी बंद झाला, आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर महापालिकेला शासनाकडून भरपाईचे अनुदान मिळू लागले. स्वतःच्या नाक्यावर रोज पैसे मोजणारी संस्था आता दर महिन्याला मुंबईकडून येणाऱ्या हप्त्याची वाट पाहते. हा बदल सभागृहात व्हायला हवा तितका चर्चिला गेला नाही. उत्पन्नाची चावी हातातून गेली की खर्चाचा निर्णयही हळूहळू हातातून जातो.

चऱ्होलीसाठी सर्वांत महाग पडले ते विकास आराखड्याचे रखडणे. १९९७ मध्ये गाव आत घेतले, पण समाविष्ट गावांचा विकास आराखडा मंजूर झाला २००८ साली. मधली अकरा वर्षे गाव महापालिकेत होते, पण रस्ता कुठून जाणार, शाळा कुठे, बाग कुठे, हे अंतिम ठरलेले नव्हते. या काळात शहरात आलेल्या कामगाराला, रिक्षावाल्याला, छोट्या दुकानदाराला परवडणारी जागा म्हणजे शेतातला एक गुंठा. शेतकऱ्याने तो विकला, घेणाऱ्याने वर दोन खोल्या बांधल्या. बांधकाम परवानगी मिळण्याजोगी स्थितीच नव्हती, पण घराची गरज तर होतीच. समाविष्ट गावांत हीच कहाणी घडली.

आणि मग २००८ च्या जानेवारीत कायद्यात नवे कलम आले, २६७ अ. अनधिकृत बांधकामाला मिळकतकराच्या दुप्पट शास्ती. लोकांनी तिला शास्तीकर म्हटले. ज्या वर्षी गावाला आराखडा मिळाला, त्याच वर्षी आराखडा नसताना बांधलेल्या घरांवर दंडाचा बोजा बसला. हे कलम राज्याच्या कायद्यातले होते, त्यामुळे महापालिकेच्या सभेने कितीही चर्चा केली तरी शास्ती माफ करणे तिच्या हातात नव्हते. कराची बिले थकत गेली, थकबाकीवर दंड चढला, आणि माणसे मूळ कर भरायलाही कचरू लागली, कारण भरलेली रक्कम आधी शास्तीत वळती व्हायची.

२०१७ मध्ये शासनाने ६०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना शास्ती माफ केली आणि ६०१ ते १००० चौरस फुटांना निम्मी केली. २०१९ मध्ये माफी १००० चौरस फुटांपर्यंत वाढली. मार्च २०२३ मध्ये शासन निर्णय निघून पिंपरी-चिंचवडमधील शास्तीकर पूर्ण माफ झाला, अट एवढीच की मूळ कर भरलेला असावा. पंधरा वर्षे. तेवढ्या काळात घरात लग्ने झाली, मुले मोठी झाली, घर विकायचे म्हटले तर गिऱ्हाईक आधी कराची पावती मागे. एखादे कलम किती संसारांवर सावट धरू शकते, हे या पंधरा वर्षांनी दाखवले. हा विषय केवळ मतांच्या राजकारणाचा होता असे म्हणणाऱ्यांना मी सांगू इच्छितो की दोन खोल्यांच्या घराचे बिल हातात घेऊन करसंकलन कार्यालयाच्या रांगेत उभे राहिलेल्या माणसाला राजकारण सुचत नव्हते.

सभागृहातले प्रतिनिधित्व कसे असावे, हाही कायद्याचाच विषय. तो दर निवडणुकीला बदलत गेला. २००२ मध्ये तीन सदस्यांचा प्रभाग, २००७ मध्ये एका सदस्याचे १०५ प्रभाग, २०१२ मध्ये दोन सदस्यांचे ६४, आणि २०१७ मध्ये चार सदस्यांचे ३२ प्रभाग. चऱ्होली, वडमुखवाडी, डुडुळगाव आणि मोशी गावठाण यांचा मिळून प्रभाग क्रमांक ३ झाला. तो भोसरीच्या ‘इ’ क्षेत्रीय कार्यालयाकडे आहे. चार सदस्यांच्या प्रभागात महिलांना आणि मागास घटकांना जागा मिळाल्या, हे मोलाचे. पण ड्रेनेजच्या झाकणासाठी नेमके कोणाला गाठायचे, हा प्रश्न नागरिकांच्या माथी आला. एका सदस्याच्या प्रभागात जबाबदारी झटकता येत नसे.

त्या २०१७ च्या निवडणुकीत १२८ पैकी ७७ जागा जिंकून भारतीय जनता पक्ष सत्तेवर आला. मार्चमध्ये चऱ्होलीचे नितीन काळजे महापौर झाले. गाव हद्दीत आल्याला तेव्हा वीस वर्षे होत आली होती. त्यांच्यानंतर ऑगस्ट २०१८ मध्ये महापौर झालेले राहुल जाधव हेही समाविष्ट भागातलेच, जाधववाडी-चिखलीचे. त्यामुळे काही काळ तरी शहराच्या कडेच्या गावांकडे सभागृहाची नजर वळली. पक्ष कोणताही असो, समाविष्ट गावातला माणूस त्या खुर्चीत बसणे याला गावाच्या लेखी अर्थ होता.

याच काळात चऱ्होलीत महापालिकेचा एक मोठा निर्णय उभा राहिला, प्रधानमंत्री आवास योजनेचा. शहरात तीन ठिकाणी मिळून ३,६६४ सदनिका ठरल्या, त्यांतल्या सर्वाधिक, म्हणजे १,४४२, चऱ्होलीत. बोऱ्हाडेवाडीत १,२८८ आणि रावेतला ९३४. दर घरामागे केंद्राचे दीड लाख, राज्याचे एक लाख, महापालिकेचा वाटा, आणि उरलेली रक्कम लाभार्थ्याची. घरांची सोडत ११ जानेवारी २०२१ रोजी ठरली होती, ती राजशिष्टाचाराच्या वादात ऐनवेळी रद्द झाली आणि २७ फेब्रुवारीला निघाली. हजारो अर्जदार त्या दीड महिन्यात रोज चौकशी करत होते. गरिबांच्या घरांच्या कार्यक्रमात मानपान आडवा यावा, याचे आजही वाईट वाटते. चऱ्होलीतली घरे झाली ही मात्र खरी गोष्ट, आणि त्याचे श्रेय तरतूद करणाऱ्या सभागृहाला आणि बांधून घेणाऱ्या अभियंत्यांना दिलेच पाहिजे.

पाण्याबद्दल थोडक्यात. पवना धरणाच्या पाण्यावर शहर किती दिवस चालणार, हा प्रश्न जुना आहे. पवना जलवाहिनीला मावळातल्या शेतकऱ्यांचा विरोध होता. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे गोळीबारात तीन शेतकऱ्यांचे प्राण गेले आणि ते काम थांबले. आपल्या नळाला पाणी यावे म्हणून कोणाचा तरी जीव जावा, हे कोणत्याही शहराला भूषणावह नाही. पुढे आंद्रा आणि भामा आसखेड धरणांतून मिळून रोज २६७ दशलक्ष लिटरचा कोटा मिळाला. शहराला नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी येते. गगनचुंबी इमारतींना परवानगी देताना पाण्याचा हिशोब मांडला पाहिजे, हे सभागृहात अनेकदा बोलले गेले आहे; तो हिशोब परवानगीच्या कागदाला जोडला मात्र गेला नाही.

रस्त्यांचे तसेच. आषाढी वारीसाठी माउलींची पालखी आळंदीहून निघते ती चऱ्होलीच्या शिवेवरून, आणि वडमुखवाडीला थोरल्या पादुकांपाशी तिची आरती होते. पालखी मार्ग रुंद झाला, बीआरटीचा मार्ग झाला. पण गावाच्या आतले, लोहगावकडे आणि वस्त्यांकडे जाणारे आराखड्यातले रस्ते तुकड्या-तुकड्यांत राहिले. कारण भूसंपादन. रस्त्याच्या तरतुदीत डांबराचे पैसे धरले जातात, जागामालकाच्या मोबदल्याचे कमी धरले जातात. ज्याच्या गटातून रस्ता जातो त्याला टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, घ्या म्हणून सांगितले जाते. बिल्डरला टीडीआर उपयोगी, पण दीड एकराच्या शेतकऱ्याला हातात पैसे हवे असतात. नगररचना कायद्याने दहा वर्षांत जागा संपादन झाली नाही तर मालकाला खरेदी-सूचना बजावण्याचा हक्क दिला आहे. हा हक्क किती जणांना माहीत आहे?

१३ मार्च २०२२ रोजी सभागृहाची मुदत संपली. इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयात अडकला होता, निवडणुका लांबल्या आणि महापालिकेवर प्रशासक बसला. आधी राजेश पाटील, मग ऑगस्ट २०२२ मध्ये आलेले शेखर सिंह. आयुक्त म्हणून अंदाजपत्रक मांडायचे, आणि स्थायी समिती व मुख्य सभा यांचे अधिकार हाती असल्यामुळे प्रशासक म्हणून तेच मंजूर करायचे, असे घडत गेले. २०२३-२४ चे ७,१२७ कोटी, २०२४-२५ चे ८,६७६ कोटी, २०२५-२६ चे केंद्र-राज्याच्या योजनांसह ९,६७५ कोटी. आकडा दरवर्षी वाढला. कामेही झाली, काही चांगलीच झाली. २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये महापालिकेने प्रत्येकी २०० कोटींचे कर्जरोखे यशस्वीपणे काढले. नागरिकांकडून सूचना मागवल्या गेल्या, त्यासाठी स्वतंत्र तरतूदही ठेवली गेली. पण या सगळ्या कोटींवर एकाही निवडून आलेल्या माणसाने उभे राहून प्रश्न विचारला नाही. कार्यक्षम अधिकारी हे शहराचे भाग्य असते. तरी प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच असणे हे लोकशाहीला धरून नाही. जवळपास चार वर्षे शहराने ते सोसले.

त्याची किंमत २०२५ मध्ये दिसली. मे महिन्यात संपूर्ण शहराचा नवा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला आणि सुमारे ५० हजार हरकती-सूचना आल्या. चऱ्होलीसाठी नगररचना योजनाही आणायची होती. अशा योजनेत सर्वांच्या जमिनी एकत्र करून रस्ते, बागा, सुविधा यांसाठी मोठा हिस्सा काढतात आणि उरलेल्या भागात अंतिम भूखंड आखून मालकांना परत देतात. अशी योजना सगळीकडे वाईट नसते. पण चऱ्होलीत जमिनीचे तुकडे आधीच लहान झालेले, त्यावर घरे उभी, आणि गावाला विश्वासात घेणारा लोकप्रतिनिधी तेव्हा महापालिकेत नव्हता. गाव रस्त्यावर उतरले. जी चर्चा सभागृहात आणि प्रभाग समितीत व्हायची, ती मोर्चात झाली. त्याच मे महिन्यात इंद्रायणीकाठी चिखलीत निळ्या पूररेषेतले ३६ बंगले राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशाने पाडले गेले. नदी तीच, चऱ्होलीवरूनच पुढे जाते. आराखड्यातली एक रेघ घर ठेवते की पाडते, हे त्या दिवशी सगळ्यांनी पाहिले.

१५ जानेवारी २०२६ रोजी महापालिकेसाठी मतदान झाले आणि पवळे सभागृहात बसायला पुन्हा १२८ लोक निवडून आले. त्यांच्यापुढे पहिलेच काम अंदाजपत्रकाचे. चऱ्होलीच्या बाजूने तीन गोष्टी त्यात ठळक हव्यात असे आम्हाला वाटते: भूसंपादनाच्या मोबदल्याला स्वतंत्र लेखाशीर्ष, वाड्या-वस्त्यांच्या ड्रेनेजला पूर्ण तरतूद, आणि आराखड्यावरच्या हरकतींना लेखी उत्तर.

वाचकांना एक विनंती. अंदाजपत्रक महापालिकेच्या संकेतस्थळावर असते, पुढच्या वर्षासाठी सूचनाही मागवल्या जातात. प्रभाग क्रमांक ३ ची पाने काढा, गल्लीतल्या दोघाचौघांना बरोबर घेऊन शेवटचा रकाना वाचा, आणि जिथे टोकन तरतूद दिसेल तिथे खूण करून ती आपल्या नगरसेवकाच्या हातात द्या.